बाग विकायची एवढी घाई कशाला?

नाशिकच्या सिडकोतून आलेलं तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. निफाडची दीड एकर द्राक्षबाग विकण्यावर एक पान, त्यातून भरायच्या इंजिनिअरिंगच्या मॅनेजमेंट कोट्याच्या फीवर दीड पान आणि मुलीबद्दल एकच ओळ: ‘तिला इकॉनॉमिक्स घेऊन शिक्षण धोरणात काम करायचंय, पण ते मनावर घेऊ नका.’ साहेब, मी नेमकं तेच मनावर घेतलं. बारावीचे ७१ टक्के काळजीचे नाहीत. तुमची घाई आहे.

तुम्ही म्हणता, ‘९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर सगळं खुलं झालं, आता पैसा टाकेल त्याला उत्तम शिक्षण.’ अहो, व्यापारी बागेत येतो, चार मणी तोडतो, शुगर बघतो आणि मग भाव बोलतो. पदवीची शुगर चार वर्षांनी कळते, तोवर बाग गेलेली असते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९५५ मध्ये सुचवलं होतं की सरकारने शाळा चालवत बसण्यापेक्षा मुलामागे पैसे द्यावेत, पालक शाळा निवडतील. चिलीत पिनोशेच्या लष्करी राजवटीने १९८१ मध्ये हे राबवलं. झालं उलटंच. शाळाच मुलं निवडू लागल्या, पुढे अनुदान घेऊन वर फीही घेऊ लागल्या आणि गरिबांची पोरं नगरपालिकेच्या शाळांत उरली. २००६ मध्ये तिथली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली. २०१५ च्या कायद्याने अनुदानित शाळांमधली नफेखोरी, निवड आणि वरची फी टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. स्वीडननेही १९९२ मध्ये खासगी शाळांना सरकारी पैसा दिला, पण काही वर्षांतच वर फी घ्यायची नाही, ही अट घातली. आपल्याकडे १९८३ मध्ये वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्यातून चांगली कॉलेजं निघाली, तशा नुसत्या इमारतीही.

असल्या अटी कुठे आणि कशा घालायच्या, याचा अभ्यास करणारी माणसं लागतात. तुमची मुलगी तेच म्हणतेय.

बीए नाशकातच होईल, एमएला पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट किंवा मुंबईची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे. गणित मात्र सोडू देऊ नका. पहिला पगार इंजिनिअरएवढा असेल, असं खोटं सांगणार नाही.

आणि खुलेपणाची एवढी बाजू घेता, तर निवडीची मुभा थोडी घरातही येऊ द्या की. बागेचा इसार घेतला असेल तर परत करा. पुढचं पत्र मुलीला लिहू द्या, आणि पाकीट तिलाच चिकटवू द्या.