वायोमिंगच्या हातगाडीवाटेवर मिशनरी गाईड म्हणून नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय की मॉर्मन चर्चच्या ऐतिहासिक स्थळावर राहणारे मिशनरी गाईड दिवसभर करतात काय, आणि येईल त्याला धर्मच सांगत बसतात का. मी आणि माझे यजमान एक उन्हाळा अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये, डोंगराच्या कुशीतल्या मार्टिन्स कोव्ह या जागी होतो, तेवढ्यापुरतं सांगते.

पगार नाही, खर्च आपला आपण करायचा. आमच्याबरोबरचे बहुतेक गाईड निवृत्त जोडपीच. सगळे एकमेकांना एल्डर आणि सिस्टर म्हणतात. पहिले आठ दिवस कुणी ‘सिस्टर’ म्हटलं की वाटायचं, आता हा इंजेक्शन मागणार. हातगाड्यांची चाकं बघायची, पाण्याचे पिंप भरायचे, संडास धुवायचे आणि मग गोष्ट सांगायची. उन्हाळ्यात चर्चची किशोरवयीन मुलंमुली जुन्या पद्धतीचे कपडे घालून हातगाड्या ओढायला येतात. त्यांच्यामागे चालून आमचे गुडघे गेले. धर्माचं कुणी विचारलं तरच मी सांगायचे. खुद्द कोव्हची जमीन केंद्र सरकारची आहे, चर्चकडे ती भाडेपट्ट्याने आहे. नुसते डोंगर बघायला येणारेही असतात.

हातगाडी म्हटलं की आपल्याला केळीवाला आठवतो. ही तशीच, दोन चाकांची, पण ओढायची. १८५६ साली बैलगाडीचा खर्च न झेपणारे मॉर्मन लोक, त्यातले बरेचसे इंग्लंड-स्कॉटलंडचे, आयोवापासून युटातल्या सॉल्ट लेकपर्यंत हजाराच्यावर मैल ती ओढत निघाले. माणशी १७ पौंड सामान. विली आणि मार्टिन यांच्या तुकड्या निघेपर्यंत निम्मा जुलै उलटला होता. गाड्या ओल्या लाकडाच्या, कोरड्या हवेत आकसून मोडायला लागल्या. लीव्हाय सॅव्हेज नावाच्या एकाने नेब्रास्कात रडत सांगितलं होतं की या वर्षी पुढे जाऊ नका. कुणी ऐकलं नाही, आणि मग तोही सगळ्यांबरोबर गेला. १९ ऑक्टोबरला बर्फाने गाठलं. या दोन तुकड्यांतल्या हजारेक माणसांतली दोनशेहून जास्त दगावली.

गाईडचं खरं काम इथे सुरू होतं, आणि चुकतंही इथेच. लोकांना तीन पोरांची गोष्ट हवी असते: सॉल्ट लेकहून सोडवायला आलेल्या अठरा-अठरा वर्षांच्या तीन मुलांनी मार्टिनच्या तुकडीतल्या जवळजवळ सगळ्यांना उचलून स्वीटवॉटर नदी पार करवली आणि त्या थंडीनेच ती पुढे मेली. कागदपत्रं पाहिली तर मदतीला आणखीही माणसं होती, आणि त्या तिघांतला एक तर १८९६ पर्यंत जगला. मी हे सांगायला लागले तेव्हा एका मुलाने फटकन विचारलं, “मग आम्हाला खोटं का सांगितलं?” मी म्हटलं, “बाळा, नदी थंडच होती, आणि त्यांनी माणसं उचललीही होती. तेवढं पुरत नाही का?” त्याला पटलं नसावं. बरोबरच्या काही गाईडांनाही नाही पटलं. मला मात्र अश्रूंसाठी गोष्ट फुगवणं जमत नाही.

“तुम्ही कुठल्या?” हे रोजचंच. मुंबईची म्हटलं की मी एलिझाबेथ झेवियर टेटची गोष्ट काढायचे. जन्म मुंबईचा, नवरा इंग्रजी फौजेतला स्कॉटिश शिपाई. ह्यू फिंडले नावाचा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत आला, मग पुण्यातही फिरला. त्याच्यामुळे हे जोडपं मॉर्मन झालं. नवरा आधी पुढे गेला, ती मागून निघाली. वाटेत तान्ही मुलगी गेली. मग ती विलीच्या तुकडीबरोबर चालली. ही तुकडी कोव्हमध्ये थांबली नव्हती, मार्टिनची थांबली. पण शेजारच्या डेव्हिल्स गेटच्या खिंडीजवळून ती गेली. मुंबईच्या दमट हवेत वाढलेली बाई वायोमिंगच्या ऑक्टोबरात! ती पोचली, पुढे सीडर सिटीत राहिली. मी संध्याकाळी संडास धुताना हिचाच विचार करायचे.

तुम्ही जाणार असाल तर कॅस्परहून गाडीने तासभर लागतो. कोव्हपर्यंत जाऊन-येऊन पाचेक मैल चालणं आहे, सावली नाही आणि वारा थांबत नाही. टोपीला दोरी लावून घ्या, माझ्या दोन उडाल्या.