जुलैत फ्लेमिंगो नसतात

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. लेक आता बारावीत जाईल, शाळेत कॅपस्टोन प्रोजेक्ट (शेवटच्या वर्षी स्वतः करायचा मोठा प्रकल्प) सक्तीचा आहे. जुलैत तीन आठवडे ठाण्याला माहेरी येणार आहेत आणि लेकीला ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर काम करायचंय. 'माझा भाऊ आयटीत आहे, तो मदत करेल. जमेल ना?'

ताई, खाडी जागेवर असेल, फ्लेमिंगो नसतील. २०१५ मध्ये खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, हे सगळं खरं. पण हे पाहुणे हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर बहुतेक सगळे निघून जातात. जुलैत लेकीला ऐरोलीच्या काठावर चिखल आणि बगळे मोजावे लागतील. (बगळ्यांवरही प्रोजेक्ट होतो, पण तिचं मन त्यात रमेलसं वाटत नाही.)

त्यापेक्षा जुलैत ठाण्यात जे पोत्याने मिळतं ते घ्या: पाऊस. तलाव तर आहेतच. मोठा पाऊस पडून गेल्यावर तलाव किती गढूळ होतो आणि निवळायला किती दिवस घेतो, एवढाच प्रश्न ठेवा. तलाव एक आणि काठावरची उभं राहायची पायरीही एकच. माहेर नौपाड्याच्या बाजूला असेल तर मासुंदा, वर्तकनगरकडे असेल तर उपवन.

एकच का, ते माझ्या भाच्याने मला शिकवलं. तोही असाच सुट्टीत आला होता, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं मीटर घेऊन. पाच तलाव करणार होता. मासुंद्याला सकाळी सातला जायचा, कारण तेव्हा कोपिनेश्वराच्या बाजूला गर्दी कमी. उपवनला दुपारी चारला, कारण माझी स्कूटर तेव्हा मोकळी. मासुंद्याचा आकडा आला ४, उपवनचा ११. पोरगा खूश, उपवन स्वच्छ निघालं! मग कुठेतरी वाचलं की ३० अंशाच्या पाण्यात हवेतून लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. मीटर बिघडलं म्हणत त्याने तो ११ खोडूनच टाकला. मीटर ठणठणीत होतं. पाण्यातलं शेवाळ दिवसभर उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळेच जीव तो वापरतात. म्हणून पहाटे आकडा तळाला जातो आणि दुपारनंतर चढतो. त्याने दोन तलावांची तुलना केलीच नव्हती, सकाळ आणि दुपारची केली होती. शेवटी खोडलेला ११ पुन्हा लिहिला आणि उरलेले आठ दिवस एकाच तलावावर दोन्ही वेळा गेला. प्रोजेक्ट त्यावरच उभा राहिला.

तर वहीत खाडाखोड नको. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे. तारखेत महिना अक्षरात लिहायचा. तिकडे ६/७ म्हणजे सात जून, इकडे सहा जुलै. परत गेल्यावर यात अर्धी वही उलटीपालटी होते.

गढूळपणा मोजायला सेकी चकती पुरते: २० सेंटिमीटरची, काळे-पांढरे चार पाव रंगवलेली. स्टीलची जुनी ताटली चालेल. मधे भोक पाडायचं, खाली अर्धा किलोचं वजन, वर खुणा केलेली दोरी. ताटली दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी काढायची. काठाशी ती तळाला टेकली तर मोजमाप फुकट, म्हणून जागा पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, कोणीतरी मोठं माणूस सोबत हवंच.

पाऊस मोजायला गच्चीवर सरळ भिंतीचा डबा ठेवा. रोज सकाळी साडेआठला बघायचा, कारण हवामान खातंही २४ तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं. मग आपले आकडे त्यांच्याशी लावून बघता येतात.

आता भाऊराया. त्याने स्कूटर चालवावी, छत्री धरावी, आलेख मात्र तिने काढावेत. 'हीच पायरी का निवडलीस?' असं परीक्षकांनी विचारलं की मामा तिथे नसतो. आणि जी मदत झाली ती अहवालात स्पष्ट लिहायची.

एक गोष्ट निघण्याआधीच करा: शाळेतल्या मार्गदर्शकांकडून योजना मंजूर करून घ्या. पुढे विज्ञान स्पर्धेत जायचं असेल तर आयसेफच्या (शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेच्या) नियमांत काही परवानग्या प्रयोग सुरू होण्याआधीच्याच लागतात. आजोबांच्या सोसायटीत 'तलाव कसा वाटतो' असा साधा सर्व्हे करायचा म्हटला तरी तो माणसांवरचा अभ्यास धरतात. आधी माहिती गोळा करून मागून सही मागितली तर ती चालत नाही.

आणि आजच आईला फोन करा. जुनी ताटली मोडीत घालू नका म्हणावं.