आक्राची रात्र बँडपाशी काढा

प्रश्न : ताई, मी लातूरचा, इंजिनिअर आहे. जानेवारीपासून सहा महिन्यांसाठी कंपनी मला घानात, टेमा बंदरावर पाठवते आहे. घरात भजनाचं वातावरण, मी स्वतः तबला वाजवतो. सुटीच्या दिवशी राजधानी आक्रात जाऊन तिथलं गाणं-बजावणं समोर बसून ऐकावं असं फार मनात आहे. पण आधी जाऊन आलेले सहकारी म्हणतात, तिथे रात्री क्लब आणि दारू, दुसरं काही नाही. मी पीत नाही आणि शाकाहारी आहे. मी जाऊ कुठे आणि ऐकू काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : सहकाऱ्यांचं बोलणं मनावर घेऊ नका, दादा. यजमानांच्या नोकरीमुळे मी त्या शहरात राहिले आहे, आणि माझं मत पक्कं आहे. डीजेचा क्लब कुठल्याही शहरात सापडतो. आक्रात जायचं ते माणसं वाजवताना बघायला.

नॉर्थ रिज भागात '+२३३' नावाचा जॅझ बार आहे. घानाचा फोन कोडच त्याचं नाव. नावात बार असला तरी लोक तिथे बँड ऐकायला येतात. दुसरं ठिकाण अलियान्स फ्रान्सेज, म्हणजे फ्रेंच सांस्कृतिक केंद्र. तिथल्या खुल्या रंगमंचावर नामवंत कलाकारांचे कार्यक्रम होतात. त्या त्या आठवड्याचा कार्यक्रम आधी फोनवर बघून घ्या. आणि घाई करू नका. रात्र चढत जाते तसा बँड खुलत जातो.

ऐकायचं ते हायलाइफ, घानाचं बँडवरचं नाचाचं संगीत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, दोन गिटार, ढोल आणि एक लोखंडी घंटा. तुम्ही तबलजी, म्हणून सांगते, तालवाद्यांच्या बाजूची जागा धरा. पहिल्या दहा मिनिटांत सम शोधायला जाल तर गोंधळून जाल. त्या घंटेचा ठोका पकडा. तो सहसा बदलत नाही, आणि बाकी सगळे त्याच्या भरवशावर फिरतात. मग गिटारकडे कान द्या. एक जण छोटीशी ओळ पुन्हा पुन्हा वाजवतो, दुसरा त्याच्या मधल्या मोकळ्या जागा भरतो. अंगठा आणि तर्जनीने तार छेडायची ही पद्धत लायबेरियाकडच्या क्रू जमातीच्या खलाशांनी किनाऱ्यावरच्या बंदरांतून पसरवली. पितळी वाद्यं इंग्रजांच्या पलटणींच्या बँडमधून आली. त्या दोन्हींत तिथल्या लोकांनी आपला ताल घातला.

ई. टी. मेन्सा यांचं नाव लक्षात ठेवा. व्यवसायाने औषधनिर्माते, हातात ट्रम्पेट, आणि टेम्पोज हा त्यांचा बँड. १९५६ साली अमेरिकेचे जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग आक्राला आले तेव्हा मेन्सा त्यांच्याबरोबर वाजवले. पुढच्याच वर्षी, ६ मार्च १९५७ला, देश स्वतंत्र झाला. त्या आनंदाच्या काळाचा आवाज म्हणजे हायलाइफ. म्हणून साठी उलटलेली माणसंही जुनी चाल लागली की खुर्ची सोडतात आणि पांढरा रुमाल हलवत नाचतात. कुणी हात पुढे केला तर बसून राहू नका, उठा. नाचता येत नसलं तरी चालतं.

हे सगळं एकदा बुडायला आलं होतं. १९८१च्या अखेरीस लष्करी उठाव झाला, त्यानंतर दोनेक वर्षं रात्रीची संचारबंदी. रात्रीच बंद झाल्यावर बँड जगणार कसे? कित्येक मोडले, कित्येक वादक जर्मनीला गेले, आणि पुष्कळांना चर्चने आसरा दिला. आजही शनिवारी रात्री मंचावर दिसलेला वादक रविवारी सकाळी चर्चमध्ये दिसू शकतो. तेही जाऊन ऐका, परक्यालाही प्रेमाने बसवून घेतात. इतकं सोसून उरलेलं संगीत समोर वाजत असताना अख्खा वेळ मोबाइल धरून चित्रण करत बसू नये, ही माझी कळकळीची विनंती.

वादकावर खूश झालेले लोक उठून त्याच्या कपाळाला नोट लावतात. आपल्याकडच्या दौलतजाद्यासारखंच, पण गायकाबरोबर ढोलवाल्याचाही मान राखतात. तुम्हीही द्या, फक्त उजव्या हाताने. डाव्या हाताने काही देणं-घेणं तिथे अपमानाचं मानतात.

खाण्याची चिंता नको. पिकलेल्या राजेळी जातीच्या केळ्याच्या फोडी आलं-मिरची लावून तळतात, त्याला केलेवेले म्हणतात. संध्याकाळनंतर रस्त्याकडेला मिळतं, बरोबर शेंगदाणे. सोबोलो मागा. लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं घातलेलं थंड सरबत, आपल्या जिभेला लगेच ओळखीचं वाटेल. चवळीचं 'रेड रेड' घेताना मात्र मासा घातलाय का ते विचारा. शितो नावाच्या काळ्या चटणीत सुकी मासळी असतेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मे-जूनच्या सुमारास आक्राच्या मूळच्या गा समाजाची महिनाभर ढोल आणि मोठ्या आवाजावर बंदी असते. ऑगस्टच्या आसपास येणाऱ्या होमोवो सणाआधीची ही शांतता. वस्तीवस्तीच्या तारखा वेगळ्या, टेमाच्याही वेगळ्या. चर्चसुद्धा आवाज कमी करतात. म्हणून ऐकायचं ते एप्रिलपर्यंत ऐकून घ्या, आणि त्या महिन्यात कुणी खोलीवर तबला वाजवायचा आग्रह केला तरी वाजवू नका.

टेमा ते आक्रा साधारण ३० किलोमीटर. रात्री उशिरा एकट्याने परतण्यापेक्षा आक्रातच मुक्काम करा. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, तेव्हा तारीख लवकर घ्या. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, बैठक बहुतेक उघड्यावरच असते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी आक्रात नोकरी करते. मैत्रिणींबरोबर रात्री 'लबाडी' नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर गाणं ऐकायला जाते, घरी यायला बारा वाजतात. आम्हाला घोर लागतो. जाऊ नको म्हणून सांगावं का?
— एक आई, परभणी

उत्तर : नका सांगू, ताई. दिवसभर परक्या देशात राबणाऱ्या मुलीला तेवढा विसावा हवाच. तिला इतकंच सांगा : मैत्रिणींबरोबरच जायचं आणि बरोबरच परतायचं. मंचाजवळच्या उजेडात बसायचं, अंधाऱ्या वाळूत फिरायला जायचं नाही. फोन पर्समध्ये ठेवायचा. पाण्यात उतरायचं नाही, तिथली ओढ जबरदस्त आहे. टॅक्सी ॲपवरूनच मागवायची आणि गाडीचा नंबर मैत्रिणीला पाठवायचा. घरी पोचल्यावर तुम्हाला मेसेज करायला सांगा. तिथे रात्रीचे १२ म्हणजे परभणीत पहाटेचे साडेपाच, त्यासाठी तुम्हाला रात्रभर जागायची गरज नाही.