मूर्ती उलटी करून आधी आत बघा

प्रश्न असा आहे: 1780 च्या सुमाराची म्हणून विकायला आलेली स्टॅफर्डशायरची (इंग्लंडमधला कुंभारकामाचा परगणा) मेंढपाळाची भाजलेल्या मातीची मूर्ती हाताने घडवलेली की साच्यातली? आणि तिचे ओघळलेले रंग हा दोष समजायचा का?

खरी असेल तर साच्यातलीच. हाताने वळलेल्या छोट्या मूर्ती त्याआधीच्या, 1740 च्या आसपासच्या. प्लास्टरचे साचे रुळल्यावर तिथल्याच बर्स्लेम गावच्या वुड घराण्यासारख्या कुंभारांनी एकाच नमुन्याच्या अनेक प्रती काढल्या.

मूळ नमुन्याचे डोके, हात, धड असे तुकडे करून प्रत्येकाचा सहसा दोन भागांचा साचा घेत. मातीची थापलेली पोळी साच्यात बोटांनी दाबून बसवायची, कडांना पातळ माती लावून दोन्ही अर्धे जुळवायचे आणि हात पोचेल तिथे आतून शिवणीवर मातीची वळी दाबायची. प्लास्टर पाणी ओढून घेते, माती आक्रसते आणि सुटून येते. एक अर्धा जास्त वाळलेला असला की शिवण उकलते. ओल गेली नसेल तर भट्टीत वाफेने तुकडे उडतात. पायांमागचा झाडाचा बुंधा निव्वळ शोभेचा नाही. ओल्या मातीचे बारीक पाय धडाचा भार पेलत नाहीत.

पहिली भाजणी साधारण 1100 अंश सेल्सिअसची, चकाकीची (वर दिलेल्या काचेसारख्या लेपाची) त्याहून कमी तापमानाची. ओघळांचे कारण या दुसऱ्या भाजणीत आहे. वुड पद्धतीत रंग चकाकीतच कालवलेला असतो: तांब्याचा हिरवा, मँगनीजचा तपकिरी, लोहाचा पिवळा, कोबाल्टचा निळा. शिशाची चकाकी वितळली की फार पातळ होते, म्हणून रंग हद्द सोडून वाहतो आणि घड्यांमध्ये साचून गडद दिसतो. हा दोष नव्हे, पद्धतीची खूण आहे. (ती चकाकी कालवणारे आणि त्यात माल बुडवणारे कामगार शिशाच्या विषबाधेने खंगत, हेही त्याच चमकेच्या हिशोबातले.) प्रॅट या दुसऱ्या कुंभार घराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत रंग भाजलेल्या मातीवर आणि वर पारदर्शक चकाकी, म्हणून कडा बऱ्याच ठाम. चकाकीवर रंगवून 700-800 अंशांना भाजलेला मिनारंग मात्र बोटाला किंचित उंच लागतो आणि पोपडे धरतो.

अस्सलपणा बघताना चकाकीवरच्या बारीक तड्यांना मी फारशी किंमत देत नाही. थंड होताना चकाकी मातीपेक्षा जास्त आक्रसली की ते पडतात, नव्या मालातही, आणि चहाने डागवताही येतात. आतली बाजू बघा. दाबून भरलेल्या मूर्तीत जाडी कमीजास्त, बोटांचे ठसे, शिवणीवर वळी. साच्यात मातीचा पातळ घोळ ओतून केलेल्या नकलेत भिंत सगळीकडे सारखी पातळ, आत बाहेरच्या आकाराचीच पोकळी, आणि तळाला बहुधा एक गोल भोक.

शेवटी उंची मोजा, आणि संग्रहालयातल्या त्याच नमुन्याशी ताडून बघा. जुन्या मूर्तीवरून साचा घेतला की नवी माती वाळताना आणि भाजताना पुन्हा आक्रसते, एकूण सुमारे दहावा हिस्सा. बाकी सगळे जुळून उंची एवढी कमी भरली, तर पैसे देऊ नका.