पॉलिमरचा प्रकार कुठला? आधी सांगा, कशावरून विचारताय

या वेळचे सगळे प्रश्न पॉलिमरचे. बरेचसे सारखेच होते म्हणून त्यातले सात निवडलेत.

प्रश्न : पॉलिमर म्हणजे प्लॅस्टिकच ना? मग दोन शब्द कशाला?

नाही हो. प्लॅस्टिक पॉलिमरपासून बनतं हे खरं, पण प्रत्येक पॉलिमर काही प्लॅस्टिक नसतो. कापूस, लाकडातलं सेल्युलोज, लोकर, रेशीम, स्टार्च, तुमच्या पेशीतला डीएनए हे सगळे पॉलिमर, आणि ते माणसाने पहिली फॅक्टरी काढायच्या कितीतरी आधीपासून आहेत. शब्द ग्रीक आहे, पॉली म्हणजे अनेक आणि मेरॉस म्हणजे भाग, शाळेच्या पुस्तकात याला बहुवारिक म्हणतात पण कामाच्या ठिकाणी तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

एक छोटा रेणू घ्या, तो मोनोमर. तो दुसऱ्याचा हात धरतो, दुसरा तिसऱ्याचा, असं करत हजारोंची साखळी होते. इथिलीन हा वायू आहे, रेणुभार २८. असे १०,००० रेणू जोडले की साधारण २,८०,००० वजनाची एकच साखळी होते आणि हातात येते ती पॉलिथीनची पिशवी. आत वेगळं काहीच घातलेलं नाही, फक्त लांबी वाढली. पण लांबीनेच सगळा फरक पडतो. दोऱ्याचे बोटभर तुकडे करून ढीग घातला तर एक चिमूट उचलली की तेवढेच हातात येतात, आणि तोच दोरा अखंड गुंतलेला असेल तर एक टोक ओढलं की सगळा गुंता मागे येतो. प्लॅस्टिकची ताकद बऱ्याच अंशी या गुंत्यात असते.

गंमत म्हणजे हे पटायला शास्त्रज्ञांनाच वेळ लागला. पॉलिमर हा शब्द स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३३ मध्ये वापरला तो वेगळ्याच अर्थाने, घटकांचं प्रमाण तेच पण वजन पटीत असलेल्या पदार्थांसाठी. पुढे कित्येक वर्षं मोठमोठे लोक म्हणत होते की रबर, सेल्युलोज वगैरे म्हणजे छोट्याच रेणूंचे पुंजके असणार, एवढा मोठा एकसंध रेणू असूच शकत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान स्टाउडिंगरने १९२० मध्ये लिहिलं की ही खरी लांब साखळी आहे, साध्याच रासायनिक बंधांनी जोडलेली. लोकांनी भरपूर विरोध केला. नोबेल मिळालं १९५३ मध्ये, तेव्हा वय ७२.

प्रश्न : मॅडम, बारावीला आहे. ॲडिशन आणि कंडेन्सेशन पॉलिमर समजलं, पण पॉलियुरेथेनमधून पाणी वगैरे काही बाहेर पडत नाही तरी काही ठिकाणी ते कंडेन्सेशनमध्ये का टाकतात?

शाब्बास, हा प्रश्न पडला म्हणजे तू नुसतं पाठ केलेलं नाहीस. घोळ असा की एकाच कपाटाला दोन वेगवेगळ्या माणसांनी लेबलं लावलीत. कॅरोदर्स, म्हणजे नायलॉनवाला, त्याने १९२९ मध्ये बघितलं ते जोडताना काही गळून पडतं का. पाणी गळलं की कंडेन्सेशन, काहीच नाही गळलं की ॲडिशन. नंतर पॉल फ्लोरी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने बघितलं ते साखळी वाढते कशी, आणि मला विचारशील तर कामाचा प्रश्न हाच.

एका पद्धतीत साखळीला एक जिवंत टोक असतं, फ्री रॅडिकल (जोडीदार शोधणारा एकटा इलेक्ट्रॉन) वगैरे, मोनोमर फक्त तिथेच येऊन चिकटतो. सुरुवातीलाच लांबलचक साखळ्या तयार होतात आणि बाजूला बराच मोनोमर तसाच पडून असतो. ही चेन ग्रोथ. दुसरीत कुणीही कुणालाही जोडलं जातं, दोघांची जोडी, जोडीला जोडी, मग चौकडीला तिघं. ही स्टेप ग्रोथ. इथे एक छोटं गणित आहे ते वहीत लिहून ठेव : साखळीची सरासरी लांबी म्हणजे १ भागिले न जोडल्या गेलेल्या टोकांचा वाटा. निम्मी टोकं जोडली गेली तर सरासरी लांबी फक्त २! ९५ टक्के झाली तर २०. ९९ टक्के झाली तेव्हा कुठे १००. म्हणून नायलॉन, पॉलिस्टर करताना मोनोमर अगदी शुद्ध हवा, मापं तंतोतंत हवीत आणि पाणी सतत काढत राहायला हवं, थोडं चुकलं की साखळ्या आखूड राहतात आणि माल ठिसूळ.

आता तुझं पॉलियुरेथेन, गाद्यांच्या फोममधलं. आयसोसायनेट आणि अल्कोहोल हे त्याचे दोन मोनोमर जोडताना काही गळत नाही, म्हणजे कॅरोदर्सच्या हिशोबाने ॲडिशन, पण वाढतं पायरीपायरीने म्हणजे फ्लोरीच्या हिशोबाने स्टेप ग्रोथ. दोन्ही बरोबर. आणि स्टेप ग्रोथला बरेच जण सवयीने कंडेन्सेशनच म्हणतात, म्हणून ते तिथे टाकलेलं दिसतं. याहून मजा नायलॉन ६ ची. ते ॲमिनोकॅप्रोइक ॲसिडपासून केलं तर पाणी निघतं, आणि कॅप्रोलॅक्टम या कड्यासारख्या रेणूचं कडं उघडून केलं तर कडं उघडून साखळीत जाताना काहीच गळत नाही, हातात मात्र तंतोतंत तोच पदार्थ. म्हणजे हा शिक्का पदार्थाचा नाहीच, रिॲक्शनचा आहे. परीक्षेत पुस्तकात आहे ते लिही, मार्क घे, आणि हे डोक्यात ठेव.

प्रश्न : नायलॉन ६ आणि नायलॉन ६,६ मधले आकडे कसले? दुसरं डबल मजबूत असतं का?

डबल वगैरे काही नाही, आकडे कार्बनचे आहेत. दोन मोनोमर असतील तर आधी डायअमाईनमधले (दोन्ही टोकांना अमाईन गट असलेला मोनोमर) कार्बन, मग डायॲसिडमधले (दोन्ही टोकांना ॲसिड गट असलेला). हेक्झामिथिलीन डायअमाईनमध्ये ६, ॲडिपिक ॲसिडमध्ये ६, झालं ६,६. ॲडिपिकच्या जागी दहा कार्बनचं सेबॅसिक ॲसिड घेतलं की ६,१०. एकच आकडा असेल तर मोनोमर एकच, म्हणून कॅप्रोलॅक्टमवालं नुसतं ६.

पण फरक नाही असं समजू नका. नायलॉन ६ साधारण २२० डिग्रीला वितळतं आणि ६,६ साधारण २६० ला. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दोन पोत्यांमध्ये गल्लत केली, ६,६ चे दाणे मशिनमध्ये आणि टेंपरेचर ६ चं. जे काही बाहेर आलं त्यात अख्खे दाणे तसेच दिसत होते, साबुदाण्यासारखे, आणि शिफ्ट इनचार्जनी तो तुकडा महिनाभर माझ्या टेबलावर ठेवला होता.

प्रश्न : पॉलिमरची नावं ठेवायचा काही नियम आहे की मनाला येईल ते?

दोन्ही आहे. सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे मोनोमरच्या नावाआधी पॉली लावायचं. स्टायरीनचं पॉलिस्टायरीन, प्रॉपिलीनचं पॉलिप्रॉपिलीन. सोपं आहे पण कधीकधी खोटं पडतं. पॉलिइथिलीनच्या, म्हणजे आपल्या पॉलिथीनच्या, साखळीत इथिलीनचा तो डबल बाँड उरलेलाच नसतो, नाव मात्र आईचंच चालू. आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोलने तर कमालच केलीय, कारण व्हिनाइल अल्कोहोल बाटलीत भरून ठेवता येत नाही, ते लगेच ॲसिटाल्डिहाइड होऊन बसतं. म्हणून आधी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट करतात, तोच पांढऱ्या गोंदातला, आणि मग त्याचे ॲसिटेट गट काढून टाकतात. म्हणजे नाव अशा मोनोमरचं जो कधी भांड्यात पडलाच नाही.

दुसरी पद्धत आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, साखळीत परत परत येणारा तुकडा बघून नाव द्यायचं. त्या हिशोबाने पॉलिइथिलीन होतं पॉलिमिथिलीन, आणि पाण्याच्या बाटलीचं पीईटी होतं पॉलिऑक्सिइथिलीनऑक्सिटेरेफ्थॅलॉइल. हे एका दमात म्हणून दाखवा. म्हणूनच रोजच्या कामात कुणी वापरत नाही.

तिसरी आडनावं, साखळीतल्या बंधावरून पडलेली. एस्टर बंध असेल तर पॉलिस्टर, अमाइड असेल तर पॉलिअमाइड. शर्टाचं पॉलिस्टर कापड आणि बाटलीचं पीईटी मुळात एकच, हे सांगितलं की लोक अजून दचकतात. दोन वेगवेगळे मोनोमर एका साखळीत असले तर मध्ये को लावतात, आधी एकाचा सलग पट्टा मग दुसऱ्याचा असेल तर ब्लॉक, आणि मुख्य साखळीला दुसरीच्या फांद्या फुटल्या असतील तर ग्राफ्ट. बाकी बेकेलाइट, टेफ्लॉन ही बाजारातली नावं, त्यात नियम शोधू नका. बेकेलाइट हे तर बेकलंड या माणसाच्या नावावरून.

प्रश्न : प्लॅस्टिकचा डबा फ्रीजरमधून काढला, हातातून सुटला आणि काचेसारखा फुटला. बाहेर असताना दहा वेळा पडलाय, काही झालं नव्हतं. माल खराब होता का?

माल बहुतेक ठीकच होता. डबा पॉलिप्रॉपिलीनचा असणार. प्रत्येक पॉलिमरचं एक टेंपरेचर असतं ज्याच्या खाली त्याच्या साखळ्या हालचाल थांबवतात, त्याला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनचं हे शून्याच्या आसपास किंवा थोडं खाली, आणि फ्रीजर असतो उणे १८ ला. म्हणजे आत तुमचा डबा खरोखर काचेच्या अवस्थेला गेला होता. पॉलिइथिलीनचं उणे १०० च्याही खाली असल्यामुळे त्याला फ्रीजरचं काही वाटत नाही, आणि पॉलिस्टायरीनचं अधिक १०० च्या जवळ म्हणून ते खोलीतही कडक आणि ठिसूळ. तेव्हा हा कडक प्लॅस्टिक, तो लवचिक, हा रबर असं वर्गीकरण करताना टेंपरेचर सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. फ्रीजरसाठीच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये म्हणूनच इथिलीन मिसळून मार सोसणारा ग्रेड करतात.

जाता जाता, पॉलिप्रॉपिलीनचा डबा मुळात कडक होतो तो साखळीवरचे मिथाइल गट एकाच बाजूला ओळीने असतात म्हणून. ते कसेही विखुरले तर डबा होत नाही, चिकट मऊ गोळा होतो. सूत्र दोघांचं तेच! ही शिस्त लावली झिग्लर आणि नाट्टा या रसायनशास्त्रज्ञांच्या कॅटॅलिस्टनी, म्हणजे रिॲक्शन घडवून आणणाऱ्या पदार्थांनी, १९६३ चं नोबेल त्यांचं.

प्रश्न : पिशवी वितळते तर रबर बँड का वितळत नाही? नुसतं जळतं.

कारण त्याच्या साखळ्या एकमेकींना गाठी मारून बांधल्यात. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं, गंधकाने शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधले. साखळ्या सुट्या असतील तर तापवल्यावर घसरतात, वितळतात, परत साच्यात घालता येतात, ते थर्मोप्लॅस्टिक. गाठी घट्ट आणि दाट असतील तर थर्मोसेट, जसं बेकेलाइट किंवा मेलामाइन, एकदा बसलं की बसलं. रबरात गाठी आहेत पण विरळ, म्हणून ताणलं जातं आणि परत येतं.

रबर बँड हाताशी आहे तर एक करून बघा. जरा रुंद घ्या, वरच्या ओठाला लावा, झटकन ताणून लगेच परत ओठाला लावा : गरम लागेल. ताणलेलाच थोडा वेळ धरून ठेवा, मग एकदम सैल सोडून ओठाला लावा : गार लागेल. ताणल्यावर वेड्यावाकड्या साखळ्या सरळ ओळीत येतात, त्यांचा मोकळेपणा कमी होतो आणि उष्णता बाहेर पडते. सोडल्यावर उलट.

प्रश्न : बाटलीखालच्या त्रिकोणातल्या आकड्याचा अर्थ काय? आणि बायोप्लॅस्टिक म्हणजे आपोआप कुजणारं ना?

आकडा फक्त कुठला पॉलिमर ते सांगतो. १ पीईटी, २ एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिइथिलीन), ३ पीव्हीसी (पॉलिव्हिनाइल क्लोराइड), ४ एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिइथिलीन), ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, ७ म्हणजे उरलेलं सगळं. आकडा आहे म्हणजे रिसायकल होतंच असं नाही. आकडा पुसला गेला असेल तर पाण्याच्या बाटलीचा आणि झाकणाचा एकेक छोटा तुकडा कापा, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून बुडबुडे झटका आणि सोडा. बाटली खाली जाईल, पीईटीची घनता १.३८ च्या आसपास, पाण्याची १. झाकण बहुतेक वेळा पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, एकपेक्षा कमी, म्हणून तरंगेल. रिसायकलिंगवाले याच युक्तीने दोन्ही वेगळे करतात.

बायोचं म्हणाल तर तिथे परत दोन प्रश्न एकात घुसलेत, आलं कुठून आणि जाणार कुठे. वनस्पतींच्या साखरेपासून केलेल्या इथेनॉलचं इथिलीन करून पॉलिइथिलीन बनवतात, ते बायो आहे पण कुजत नाही, कारण साखळी तीच. उलट पॉलिकॅप्रोलॅक्टोन पेट्रोलियमपासून येतं आणि जंतू ते खातात. पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) वनस्पतींपासून येतं आणि कुजतंही, पण त्याला कंपोस्ट प्लांटमधली ६० डिग्रीच्या आसपासची ऊब लागते, कुंडीत पुरून ठेवलंत तर पुढच्या वर्षी उकरल्यावर बहुधा तसंच हाताला लागेल.