लिफ्ट नंतर घ्या, आधी फरशी ठोकून बघा

भाऊ, वर चौघांनी दुचाकी उचलायच्या लिफ्टच्या लिंका दिल्यात आणि त्यातल्या दोन बऱ्या आहेत, म्हणून मी गप्पच बसणार होतो. पण तुम्ही शेडचा फोटो टाकलाय ना, त्यात उजव्या भिंतीलगत शहाबादी फरशीच्या सांध्यातून एक चीर दारापर्यंत गेलेली दिसते. ती चीर मी ओळखतो. माझ्याकडं परभणीला हुबेहूब तशीच होती आणि सहा वर्षं मी तिला 'होतंच असं' म्हणून झाडू मारत होतो.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं : माजलगावला घरामागं पत्र्याचं शेड, एक जुनी रॉयल एनफिल्ड क्लासिक 350, वडिलांची स्प्लेंडर, वहिनींची अ‍ॅक्टिव्हा. बसून बसून गुडघे गेलेत. बाहेरच्या देशातल्या एका माणसाचा व्हिडिओ बघितला, तो बर्फावरची गाडी, म्हणजे स्नोमोबाईल, एका हलक्या लिफ्टनं एकट्यानं उचलतो. तशीच लिफ्ट इथल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावी का?

नाही. हे आधी निकालात काढू. त्या गाडीला पुढं दोन स्की असतात आणि मागं रबरी पट्टा. लिफ्टनं मागचा बंपर धरून फक्त मागची बाजू उचलतात, म्हणजे पट्टा अधांतरी फिरवता येतो, त्याचा ताण बघता येतो, तो सरळ चालतो का ते कळतं. पुढं गाडी दोन स्कींवर रुंद पाय टाकून उभीच असते, कलंडायचा प्रश्न फार येत नाही. आपली दुचाकी मागून तशी उचलली की ती एका पुढच्या चाकावर उरते, आणि एका चाकावर काय राहतं ते आपल्याला शाळेत असल्यापासून माहीत आहे. व्हिडिओतली लिफ्ट चांगलीच आहे, पण आपल्या जनावराची ती झूल नाही.

आता लिफ्टचं थोडक्यात, कारण सगळे त्यावरच बोलतात. चेन धुणं, तेल देणं, मागचा ब्रेक यासाठी तुमच्या तिन्ही गाड्यांना डबल स्टँड आहे, तेवढं पुरतं. पॅडॉक स्टँड (मागचं चाक अधांतरी धरणारा सुटा स्टँड) ज्यांना डबल स्टँड नाही त्यांनी घ्यावा, पल्सर एनएस किंवा केटीएम ड्यूकवाल्यांनी. इंजिनखाली सरकवायचा कैची जॅक स्प्लेंडरला चालेल, तिची चेसी इंजिनाखालून नळ्यांचा पाळणा करून जाते. जुन्या क्लासिकला नका लावू. तिची नळी पुढून खाली येते ती इंजिनालाच बोल्टनं धरते, इंजिनच चेसीचा भाग आहे. जॅक लावाल तो थेट अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्याला आणि ऑइलच्या बोल्टला. एकानं वर लिहिलंय की लाकडाचा ठोकळा मध्ये घातला की झालं. त्यांचं झालं असेल, मी तरी सांगणार नाही.

गुडघ्यासाठी म्हणाल तर टेबल लिफ्टच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून उचलायचं टेबल. पायानं पंप मारायची घ्या, विजेची नको. लाइट गेली की अर्धी उघडलेली गाडी वर आणि आपण खाली, हा खेळ उन्हाळ्यात रोजचा आहे. लांबी सात फूट तरी हवी, मागच्या चाकाखालची पाटी निघणारी हवी (नसेल तर चाक काढताना रडाल), आणि लोखंडी लॉक हवा, तेलाच्या भरवशावर हात घालायचा नाही. अ‍ॅक्टिव्हाचं छोटं चाक पुढच्या चिमट्यात नीट बसत नाही, तिथं लाकडी पाचर करून घ्या. आणि वरचा पंखा, ट्यूबलाइट कुठं आहे ते बघा. मी पहिल्याच दिवशी आरशानं ट्यूब फोडली.

एवढं सगळं मी घेण्याआधी बघितलं होतं. वही केली होती, तीन लिफ्टांचे माप-वजन-किंमत असे रकाने आखून. लिफ्टवर 450 किलो लिहिलं होतं आणि माझी बुलेट 190 च्या आसपास, म्हणजे दुपटीच्या वर, असं मी बायकोला अभिमानानं सांगितलंही. तो आकडा लिफ्टचा होता. फरशीवर कोणी आकडा लिहीत नाही.

लिफ्ट आली 2019 च्या मार्चमध्ये. एप्रिल-मे मजेत गेले, गल्लीतली पोरं बघायला यायची, मी पण उगीच वर-खाली करून दाखवायचो. मग मृगाचे दोन चांगले पाऊस झाले. तिसऱ्या दिवशी रविवारी सकाळी बुलेट चढवली, मागचा टायर बदलायचा होता. पुढचं चाक चिमट्यात, गाडी टेबलावरच डबल स्टँडवर, लॉक लावलेला. हँडलकडचे पट्टे बांधले, मागचे बांधले नाहीत, पाच मिनिटांचं काम म्हणून. एक्सलचा नट जाम. पाईप घालून झटके दिले, सुटला. चाक ओढून काढलं, जमिनीवर ठेवलं, आणि मागून एक आवाज आला. मोठा नाही. वाळलेली काडी मोडल्यासारखा.

बघितलं तर लिफ्टच्या पुढच्या उजव्या चाकानं फरशीला भोक पाडलेलं. फरशीखाली काही नव्हतंच. चार बोटं पोकळी. टेबल त्या कोपऱ्याकडं झुकलं, बुलेट स्टँडवरून घसरली, पुढचं चाक चिमट्यात तसंच अडकलेलं असल्यामुळं सगळी गाडी पिळवटली आणि हँडल टाकीत घुसलं. लॉकनं त्याचं काम केलं, लिफ्ट खाली बसली नाही. आडवी व्हायची ती झालीच. मी चाक ठेवायला दोन पावलं बाजूला गेलो होतो म्हणून हे लिहायलोय. आई आतून ओरडली, "काय पाडलंस रे?" तिला वाटलं पाण्याची टाकी.

आता हिशोब करा, जो मी नंतर केला. लिफ्टचं स्वतःचं वजन 100 किलोच्या आसपास, गाडी 190, मिळून 290. चार चाकांवर सारखं वाटलं तर एकेकावर 72 किलो. पण ते सारखं वाटलं जात नाही. मागचं चाक काढलं की वजन पुढं झुकतं, आपण पान्याला झटका दिला की एका कोपऱ्यावर दुप्पट जातं. आणि ते लोखंडी चाक फरशीला टेकतं किती? दहाच्या नाण्याएवढं पण नाही. गाडी नुसती उभी असते तेव्हा तिचा टायर पसरून बसतो, म्हणून तीच फरशी इतकी वर्षं काही बोलली नव्हती.

पोकळी कुठून आली, तर आपल्या मातीतून. काळी माती उन्हाळ्यात आकसते, शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात हे तुम्हाला मी काय सांगू. तेच घराखाली होतं, फक्त दिसत नाही. पाऊस पडला की ती फुगते, पण सगळीकडं सारखी नाही, जिथं पाणी मुरतं तिथं आधी. माझ्या शेडच्या पत्र्याचं सगळं पाणी उजव्या भिंतीच्या पायाशी पडत होतं. पन्हळ लावलेली नव्हती. दरवर्षी तिथली माती फुगायची, बसायची, फरशीखालचा चुरा आणि मुरूम थोडा थोडा सरकायचा, आणि शहाबादी आपली कडांवर अधांतरी. बर्फाच्या देशात जमिनीतलं पाणी गोठून फरशा उचलल्या जातात, आपल्याकडं ते काम काळी माती करते. तुमच्या फोटोत चीर आहे त्या बाजूला पत्र्याचा उतार आहे का? मला तसंच वाटतंय, पण फोटोवरून छातीठोक सांगत नाही.

आता थोडं मनातलं ओकतो, ज्यांना कंटाळा आलाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

पडल्यावर पंपाच्या दांड्यावर ओरखडे आले आणि ऑइल सील गेलं. ज्यांच्याकडून लिफ्ट घेतली त्यांच्या तक्रार विभागाला फोन केला. त्यांनी वॉरंटी नाकारली : 'लिफ्ट समतल व भक्कम जागेवर ठेवलेली नव्हती.' बरोबर आहे, नव्हती. तेवढं मी मान्य करतो. पण मी पैसे देऊन नुसतं सील मागत होतो, ते पण नाही. फोटो पाठवा. पाठवला. व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणे अख्खा पंप ट्रान्सपोर्टनं आमच्याकडं टाका, जायचं-यायचं भाडं तुमचं, दुरुस्ती होईल की नाही ते उघडल्यावर सांगू. दर फोनला नवीन मुलगा, दर मुलाला पहिल्यापासून कहाणी. चार महिने. जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात, पण एक रबरी कडं दोन्हीकडून यायला सारखाच वेळ लागतो असं दिसतं.

शेवटी जिंतूर रोडच्या एका ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जॅकवाल्याकडं पंप घेऊन गेलो. त्यानं सील हातात घेतलं, डब्यातली तीन-चार लावून बघितली, दांडा पॉलिश केला, संध्याकाळी पंप परत. पैसे सांगितले तेव्हा मला चार महिन्यांच्या फोनचीच लाज वाटली. ट्रॉली उलटी करायचा जॅक आणि ही लिफ्ट एकाच कुळातली. आपल्या भागात असा माणूस दर तालुक्याला सापडतो. म्हणून माझं स्पष्ट मत : घेण्याआधी पंपाचा फोटो त्याला दाखवा. तो म्हणाला 'याचं सील बसतंय' तरच घ्या. बिल मात्र पक्कं घ्या. 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलच पाहिजे असंही नाही. मी केली नाही. आळस, आणि फरशीचं शरमिंदेपण.

बरं, फरशी. सोपी परीक्षा : लोखंडी पहारीचं बोथट टोक घ्या आणि एक-एक फरशी हलक्या हातानं ठोकत जा, मधोमध आणि चारही कोपऱ्यांत. टण्ण वाजली तर खाली भरीव आहे. बद्द वाजली तर पोकळ. खडूनं फुल्या मारा. एकदा आता मारा आणि एकदा पावसाळ्यानंतर, फुल्या वाढल्या तर समजायचं. मी हे अपघातानंतर केलं तेव्हा 40 पैकी 17 फरश्या बद्द निघाल्या.

मग मी काय केलं. (मी इंजिनिअर नाही, बँकेत कारकुनी केली आयुष्यभर, तेव्हा गावातल्या जाणत्या गवंड्याला विचारूनच करा.) आठ बाय चार फुटांचा चौक फरश्या काढून मोकळा केला, भिंतीपासून दोन फूट लांब. दोन फूट काळी माती उपसली, खाली अजून काळीच होती, पण थांबलो कुठंतरी. मुरूम थरा-थरानं, पाणी मारून, धुम्मस करून भरला. वर सहा इंच काँक्रीट, मध्ये जाळी. बाजूच्या फरशीला ते जोडलं नाही, फट ठेवली, म्हणजे फरशी हलली तरी हे हलत नाही. रोज पाणी मारलं आणि महिनाभर लिफ्ट चढवली नाही, गवंडी आठवड्यात चालेल म्हणत होता तरी. आणि सगळ्यात आधी, काँक्रीटच्याही आधी, पत्र्याला पन्हळ लावून पाणी लांब सोडलं. पन्हळ नसेल तर बाकीचा खर्च करूच नका, दोन पावसाळ्यांत परत तेच.

एवढं जमत नसेल तर भंगारातून दोन जाड चॅनल आणा, लिफ्टच्या लांबीचे, चाकांखाली लांबीच्या दिशेनं टाका, म्हणजे वजन एका नाण्यावर न राहता पूर्ण लांबीवर पसरतं. भाड्याच्या घरात हेच बरं. पण बद्द वाजणाऱ्या फरशीवर ते पण नको.

राहिलेलं भराभर. एक्सलचा नट, चेनस्प्रोकेटचे बोल्ट, जे जे झटक्यानं सुटतं ते जमिनीवरच सैल करून मग गाडी चढवा. पट्टे चारही बांधा, हँडलच्या टोकाला नाही, खाली फोर्कच्या जवळ. पंपात ब्रेक ऑइल ओतू नका, सील फुगून बसतं, हायड्रॉलिक तेलच टाका. लिफ्ट उन्हात पत्र्याला टेकवून ठेवू नका. आणि पोरं आली की लिफ्ट खाली.

तुमचं 15 हजारांचं बजेट आहे असं दिसतं. मला विचाराल तर यावर्षी त्यातले पैसे पन्हळ आणि काँक्रीटला लावा, लिफ्ट दिवाळीनंतर. तोवर गुडघ्याखाली शेंगदाण्याच्या पेंडीचं रिकामं पोतं चौघडी करून घ्या, मी अजूनही घेतो. आणि त्या चिरेचा एक जवळून फोटो टाका, शेजारी दहाचं नाणं ठेवून, दाराच्या बाजूचा आणि आतल्या बाजूचा असे दोन. कुठं रुंद आहे त्यावरून पाणी कुठून येतं ते बघता येईल.