मात ‘दिली’ की ‘केली’?

प्रश्न असा आला आहे: ‘१९९७ साली डीप ब्लू या संगणकाने गॅरी कास्पारोव्हला मात दिली’ हे वाक्य मराठी म्हणून बरोबर आहे का? (कास्पारोव्ह हा तेव्हाचा बुद्धिबळाचा जगज्जेता.) की ‘मात केली’च लिहायला हवं?

‘कास्पारोव्हवर मात केली’ असं लिहा. मराठीत देतात तो शह आणि करतात ती मात. ‘मात देणे’ हे हिंदीतल्या ‘मात देना’वरून आलं आणि मथळ्यांतून इतकं रुळलं की आता वाचताना कुणी अडखळतही नाही. तरी प्रत्यय बघा: संकटावर मात, आजारावर मात, प्रतिस्पर्ध्यावर मात. ‘कास्पारोव्हला मात’ म्हटलं की हिंदीतला ‘को’ मागून डोकावतो. कुणी बोलण्याच्या ओघात म्हणालं तर मी टोकणार नाही, पण छापायच्या मजकुरात नक्की बदलीन.

शह देण्याचीच गोष्ट आहे, कारण ज्याला तो दिला त्याच्या हातात उत्तर उरतं. राजा हलवावा, मध्ये मोहरं घालावं, नाहीतर शह देणारं मोहरंच मारावं. मध्ये घातलेल्या मोहऱ्यानेच उलट समोरच्या राजाला शह बसला तर तो काटशह. राजकारणाच्या बातम्यांनी हा शब्द एवढा वापरलाय की तो मुळात पटावरचा आहे हे विसरायला होतं. मात झाल्यावर अशी देवाणघेवाण संपते.

शब्द आला फारसी ‘शाह मात’मधून, इंग्रजीतला ‘चेकमेट’ही त्याचाच दूरचा वंशज. ‘मात’चा अर्थ अरबीतला ‘मेला’ असा बहुतेकदा सांगतात. दुसरं मत असं की फारसीत त्याचा अर्थ अगतिक, हतबुद्ध. मला हे दुसरं जास्त पटतं. प्यादी मरतात, हत्ती मरतो, वजीरसुद्धा मरतो, पण राजाला पटावरून कुणी उचलत नाही. तो कोंडला जातो आणि डाव तिथेच थांबतो.

आता मूळ वाक्याची गंमत. न्यूयॉर्कच्या त्या सामन्यात पटावर मात एकदाही झाली नाही! सहा डाव झाले. पहिला कास्पारोव्हने जिंकला, दुसरा आणि सहावा डीप ब्लूने, मधले तीन बरोबरीत. म्हणजे साडेतीन विरुद्ध अडीच. हरलेले दोन्ही डाव कास्पारोव्हने ‘सोडले’, म्हणजे मात होण्याआधीच हार मानली. सहावा तर एकोणीस चालींतच. दुसऱ्या डावाची गोष्ट आणखी बोचरी आहे. त्याने डाव सोडला तेव्हा सतत शह देत राहून बरोबरी साधायची वाट शिल्लक होती, असं नंतरच्या विश्लेषणात निघालं. सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्राने अशी वाट मोकळी ठेवली असेल, हे त्याच्या मनातही आलं नसावं. म्हणून ‘मात केली’ हे लाक्षणिक अर्थाने, ‘वरचढ ठरला’ म्हणून, बिनचूक आहे. पटावरच्या अर्थाने नाही. आणि डाव सोडणं म्हणजे ‘राजीनामा’ नव्हे. ‘रिझाइन’चं असं भाषांतर कधीकधी दिसतं, ते वाचलं की जगज्जेत्याने नोकरी सोडली की काय असं वाटतं.

शब्दशः मात हवी असेल तर २००६ साली बॉनला झालेला व्लादिमीर क्रामनिक विरुद्ध डीप फ्रिट्झ (बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम) हा सामना काढा. दुसरा डाव, काळी मोहरी क्रामनिककडे. परिस्थिती अजिबात वाईट नव्हती. चौतिसाव्या चालीला त्याने आपला वजीर ई-३ या घरात नेला. पांढऱ्याचा घोडा एफ-८ वर बसलेला होता. त्याच्या जोरावर पांढरा वजीर थेट एच-७ वर आला आणि मात. एका चालीतली मात, जी नवशिक्यालाही दाखवता येते, ती तेव्हाच्या जगज्जेत्याच्या नजरेतून निसटली. इथे मात्र मी ‘केली’सुद्धा म्हणणार नाही. ‘क्रामनिकने मात ओढवून घेतली’ हेच खरं वर्णन. हा सामना तो चार–दोन असा हरला.

याच वाक्यांत आणखी एक घोळ हटकून होतो, तो ‘डाव’ आणि ‘सामना’ यांचा. ‘१९९६ मध्ये कास्पारोव्ह संगणकाकडून हरला’ असं कुणी लिहिलं तर ते अर्धंच खरं. फिलाडेल्फियात डीप ब्लूने त्या सामन्याचा पहिला डाव जिंकला. विद्यमान जगज्जेत्याला नेहमीच्या दीर्घ वेळेच्या डावात संगणकाने हरवण्याची ती पहिली वेळ, म्हणून तो गाजला. पण सामना कास्पारोव्हने चार–दोन असा जिंकला. इंग्रजीतल्या ‘गेम’ आणि ‘मॅच’ दोन्हींना आपण ‘खेळ’ नाहीतर ‘लढत’ म्हणून मोकळे होतो आणि वाचक फसतो. बुद्धिबळात तरी हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावेत.

बरोबरीत सुटलेल्या डावाला ‘अनिर्णित’ म्हणतात, त्याबद्दल माझी तक्रार जुनीच आहे. दोघांनाही अर्धा-अर्धा गुण मिळतो, म्हणजे निर्णय झालेलाच असतो. फक्त तो कुणा एकाच्या बाजूने नसतो. अनिर्णित डाव खरा तर अर्धवट राहिलेला. २००२ साली बहारीनमध्ये क्रामनिक आणि डीप फ्रिट्झ आठ डाव पुरे खेळले आणि चार–चार गुणांवर थांबले. तो सामना बरोबरीत सुटला, असं म्हणावं.